किसनरावांचं शटर खाली येईना

बुलढाण्यात ज्यांच्या घरी गाडीसाठी मोटरचं शटर आहे, त्यांना सुवर्णा हिवाळे माहीत नाही असं होत नाही. बटन दाबलं की वर, दाबलं की खाली, अशी ही लोखंडी शटरं आता चिखली रोडच्या नव्या बंगल्यांमधून सर्रास दिसतात. हौस मोठी, त्यामुळे बिघाडही मोठे. ऐन घाईच्या वेळी शटर अर्ध्यात अडकलं की घरमालकाच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मग सुवर्णाचा फोन वाजतो. बाई चाळिशीच्या आतबाहेर, उंचीला बेताची, आवाजाला खणखणीत. पायात बूट, अंगात पंजाबी ड्रेस, स्कूटीच्या पायाशी हत्यारांची पिशवी. आल्या आल्या ती पिशवी उघडत नाही. आधी घरातला टीव्ही बंद करायला लावते. शटर एकदा वर, एकदा खाली करून डोळे मिटून ऐकते. मग घरातल्या बाईला विचारते, "काल घरात काय काय झालं, सांगा पाहू."

माणसं चिडतात. बिघडलं शटर, आणि ही घरातल्या पंचायती कशाला विचारते? पण बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो. एका वकिलाच्या घरी शटर सकाळी नीट लागायचं, संध्याकाळी लागायचंच नाही. दोन मेकॅनिक बोर्ड बदलून गेले. सुवर्णा मुद्दाम दिवस कलताना गेली आणि छत्री उघडून दारात उभी राहिली. शटर सुरळीत खाली! मावळतीचं ऊन थेट सेन्सरमध्ये शिरत होतं, दुसरं काही नव्हतं. तिने खोबरेल तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सेन्सरवर छोटी पडवी केली, आणि ती अजून तिथे आहे. दुसऱ्या एका घरी मोटरच्या डबीत पाल भाजून चिकटली होती. ती पाल चिमट्याने काढून तिने घरमालकाच्या हातावरच ठेवली. का? तर तो फोनवर म्हणाला होता, "बाईमाणसाले काय समजते त्यातलं?" अशी आहे ती. गोड बोलून कामं मिळवणाऱ्यांतली नव्हे.

या शटरांचा सेन्सर म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दाराच्या दोन बाजूंना, गुडघ्याच्या खाली, सुपारीएवढे दोन डोळे बसवलेले असतात. एक डोळा न दिसणारा उजेड सोडतो, समोरचा तो बघत राहतो. मध्ये मांजर आलं, मूल आलं, कोणाचा पाय आला, की तो उजेड तुटतो आणि खाली येणारं शटर थबकून वर जातं. हे डोळे नसतील तर शटरला खाली कोण आहे ते कळत नाही. ते येतं ते येतंच.

आता किसनराव. मोठ्या शटरच्या कारखान्याचे मालक, मूळचे वेल्डर, जिभेवर साखर. सुवर्णा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडली, तेव्हा तिला कोणी उभं करत नव्हतं. किसनरावांनी ठेवून घेतलं. उपकाराची भाषा ते तेव्हापासूनच बोलत. "म्या तुले उभं केलं, सुवर्णे," हे दिवसातून एकदा ठरलेलं. लोखंडाचं काम त्यांचं, विजेचं हिचं. आठ-नऊ वर्षं बरी गेली.

मग आलं शैलजाबाईंच्या घरचं काम. शैलजाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सुवर्णाला त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं, निबंधाच्या वहीवर 'शाब्बास' लिहिलं होतं, आयटीआयच्या फॉर्मवर सही करायला बापाला, भाऊरावांना, त्यांनीच राजी केलं होतं. मुलगा शौनक पुण्याला. तो दिवाळीत नवी गाडी घेऊन येणार म्हणून घरी शटर बसवायचं ठरलं, आणि बाईंनी किसनरावांना बजावून सांगितलं, की विजेचं काम माझ्या सुवर्णाच्याच हातचं हवं. माझ्या सुवर्णाच्या! हे ऐकून पोरगी आठ दिवस हवेत होती.

सगळं जमलं, पण सेन्सर अकोल्याहून यायचे होते, ते आलेच नाहीत. सुवर्णाने मोटरचा प्लग काढला, त्यावर काळी टेप गुंडाळली आणि किसनरावांना सांगितलं, "सेन्सर आल्याबिगर चालू करू नोका, भाऊ. पायाखाली येईन कोणी." ते म्हणाले, "हाव, हाव." ती दिवाळीला सोनाळ्याला आईकडे गेली. इकडे शौनकचे फोनवर फोन. किसनरावांनी काय करावं? बाई बाजारात गेल्या असताना एकटेच गेले, टेप फाडली, सेन्सरच्या दोन तारा एकमेकींना पिळल्या. तारा पिळल्या की बोर्डाला वाटतं डोळे बसलेत आणि समोर सगळं मोकळं आहे. दिवाळीच्या संध्याकाळी शैलजाबाई दारात वाकून रांगोळी काढत होत्या. शौनकने गाडीत बसून रिमोट दाबला. शटर खाली आलं, आणि बाईंच्या उजव्या पावलाची हाडं चुरली.

किसनरावांनी बाईंना स्वतः उचलून दवाखान्यात नेलं. मोसंबी नेली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि खाटेशी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "मी वेल्डर माणूस, बाई. मले वायरिंगचं एक अक्षर समजत नाही. थे पोट्टी फोनवर बोलता बोलता तारा जोडून गावाले निघून गेली. चूक माझी, म्या तिच्यावर इश्वास ठेवला."

वा रे वा! खापर फोडलं ते फोडलं, वर स्वतः मोठेपणाही घेतला.

सुवर्णा बातमी कळताच पहिल्या एसटीने परत आली. डबा घेऊन दवाखान्यात गेली. बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, सुवर्णा."

"बाई, म्या नाई जोडल्या तारा. म्या तं प्लग..."

"वर आणखी खोटं बोलू नकोस."

एवढंच बोलणं झालं. डबा तसाच घेऊन ती घरी आली. किसनरावांनी दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. गावात काय काय बोललं गेलं! फोनवर बोलत होती, नवऱ्याशी भांडत होती, हिला मुळात येतच नव्हतं, असल्या कामात बाया घ्यायच्याच कशाला. तिचा नवरा प्रेमानंद पोस्टात आहे, शांत माणूस. तो म्हणायचा, जाऊ दे, लोकं इसरतीन. लोक विसरलेही. अडल्यानडल्याला बोलवता बोलवता तिच्या हाताचा गुण पाहून पुन्हा दारं उघडली. सुवर्णा मात्र काही विसरली नाही. ती प्रत्येक स्क्रू किसनरावांचं नाव घेऊन आवळायची. मनातल्या मनात तिने त्या माणसाला कितीदा शटरखाली घेतलं असेल, याचा हिशेब तिलाही नसेल. आणि तिची खरी आग कुठे होती ठाऊक आहे? नोकरीची नव्हती, बदनामीचीही नव्हती. बाईंना तो माणूस देवमाणूस वाटतो, आणि आपण खोटारडी, हे तिला जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा.

त्यात किसनरावांची हुशारी बघा. दरवर्षी दसऱ्याला ते गाडी पाठवून शैलजाबाईंना आपल्या घरी आणत. गुरुजन म्हणून खुर्चीवर बसवत, आपट्याची पानं देऊन पाया पडत. आल्यागेल्याला सांगत, "बाईचा पाय माह्या शटरखाली गेला, तरी बाईचा माह्यावर राग नाही. काऊन? खरं काय थे बाईले माहीत हाये." म्हणजे चिरडलेल्या पायाचीसुद्धा या माणसाने जाहिरात केली! सुवर्णाच्या कानावर हे दरवर्षी यायचं, आणि दरवर्षी तळपायाची आग मस्तकात जायची.

तो यंदाचा दसरा. सुवर्णाच्या घरी हा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. सकाळी पांढरी साडी नेसून ती विहारात गेली, सगळ्यांबरोबर बसून पंचशील घेतलं. घरी येऊन खीर ढवळत होती तेवढ्यात फोन वाजला. किसनरावांची बायको.

"सुवर्णाबाई, तेवढं येऊन जा नं व्वो माय. आमचं शटर खालीच येऊन नाई राह्यलं. अर्ध्यावर येते अन् परत वर जाते. आज मोताळ्याले गोपालचा साखरपुडा हाये, पाहुणे खोळंबले. कारखान्यातले पोट्टे सारे सुट्टीवर गावाले गेले."

गोपाल म्हणजे त्यांचा मुलगा. सुवर्णा म्हणणार होती, तुमच्या नवऱ्याले सांगा. ओठावर आलेलं. पण ती बाई पुढे बोलून गेली, "शैलजाबाईबी येऊन बसल्या हायेत सकाळपासून. त्यायलेबी न्यायचं हाये संगं."

सुवर्णाने गॅस बंद केला. "येऊन राह्यले," म्हणाली.

प्रेमानंदने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "सुवर्णा, आजच्या दिवशी काही करू नको."

"काई नाई करत. शटर पाह्यते."

पांढऱ्या साडीवरच पिशवी स्कूटीला अडकवली आणि निघाली. रस्ताभर ती दातओठ खात होती. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बाईंसमोर किसनरावांशी भांडावं? ते पुन्हा डोळ्यांत पाणी आणतील. शपथ घ्यावी? शपथा काय, कोणीही घेतं. तिला बाईंच्या तोंडून ते 'खोटं बोलू नकोस' परत घ्यायला लावायचं होतं, आणि किसनरावांचं नाक त्यांच्याच पाहुण्यांसमोर कापायचं होतं. दोन्ही आजच.

किसनरावांचा नवा बंगला झेंडूच्या माळांनी भरलेला. दारापुढे धुतलेली गाडी, तिला हार. पोर्चमध्ये पंधरावीस माणसं नटूनथटून उभी. गोपाल नव्या शेरवानीत घाम पुसत होता. मुलीचे मामा शालिग्राम मोताळ्याहून यांना न्यायला आलेले, सारखं घड्याळ बघत होते. आणि दाराजवळच्या खुर्चीत शैलजाबाई, काठी मांडीवर आडवी. सुवर्णाला पाहताच त्यांनी मान फिरवली. इतक्या वर्षांनीसुद्धा.

"ये, ये, सुवर्णे," किसनराव पुढे झाले. "झालं गेलं गंगेले मिळालं. घरचंच मानून पाह्य जरा." लाज म्हणून नाही माणसाला.

अडचण खरीच होती. आतलं लाकडी दार अजून सुताराकडेच होतं, म्हणजे शटर लागलं नाही तर अख्खं घर उघडं. अशा मोटरला वीज गेली तर हाताने ओढायची साखळी असते, पण घराला शोभा येत नाही म्हणून किसनरावांनीच ती नव्या छताच्या आत पीओपीत कोंडली होती. सुवर्णाने शटर एकदा चालवलं. अर्ध्यावर आलं, थबकलं, वर गेलं. पुन्हा तेच. ती सवयीने किसनरावांच्या बायकोला विचारणार होती, काल काय झालं घरात. पण काल खंडेनवमी होती. काल साऱ्या गावाने हत्यारांची, गाड्यांची, यंत्रांची पूजा केली होती. ती खाली बसली आणि तिला दिसलं.

मोटरला हळदीकुंकू, बटनाला हळदीकुंकू, आणि खाली दोन्ही सेन्सरच्या ऐन काचेवर अंगठ्याने दाबून लावलेलं ओलं कुंकू, वाळून घट्ट झालेलं. घरच्या लक्ष्मीने श्रद्धेने लावलं होतं, काही राहू नये म्हणून डोळा न् डोळा पुजला होता. चिंधी ओली करून पुसलं की काम झालं. लहान पोरानेही केलं असतं.

सुवर्णा तशीच बसून राहिली. पदराने सेन्सर झाकला जाईल अशी बसली, हे मी मुद्दाम सांगतो. मग उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सेन्सर गेला, भाऊ. दोन्हीबी गेले."

सकाळीच खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं तिने. मोडलं. मोडताना तिच्या पोटातलं पाणीही हललं नाही.

"मंग नवीन टाक."

"आज कुठं भेटतीन? दुकानं बंद. अकोल्याहून आणा लागतीन, उद्या-परवा."

पोर्चमध्ये गलका झाला. शालिग्राममामांनी परत घड्याळ पाहिलं. "मुहूर्त टळते, किसनराव. तिकडं शंभर माणूस वाट पाहून राह्यलं. अजून राजूर घाट उतराचा हाये."

किसनरावांचा चेहरा लाल झाला. आणि सुवर्णा ज्याची वाट बघत होती ते ते बोललेच, "अवं मंग तारा जोडून टाक नं! दोन तारा पिळल्या का झालं. आजचा दिवस भागते."

"काय म्हणता? मोटरच्या आवाजात ऐकू नाई आलं." मोटर बंदच होती, पण त्या घाईत हे कोणाच्या लक्षात येतं?

"तारा जोड म्हणतो, तारा! सेन्सरच्या! बहिरी झाली का बे?"

शैलजाबाईंची मान हळूच इकडे वळली.

"मी नाई जोडत," सुवर्णा म्हणाली. "म्या तवाबी नाई जोडल्या."

"ह्ये घे! आता जुनं काढते का इथं?"

"जुनं कायचं? काम नाई येत मले, असं समजा. तुमी म्हणतच होते नं गावभर, का हिले काम नाई येत. दुसरा कोणी मिस्तरी पाहा." तिने पिशवीची चेन ओढली आणि निघायला वळली.

माणूस घाईत असला की त्याचे हात डोक्याच्या पुढे धावतात. मुहूर्त डोक्यावर, व्याही बघतायत, बायको रडकुंडीला आलेली, आणि ही कालची पोरगी माज करून राहिलेली. किसनरावांना तिडीक आली. "निघ इथून! तुह्यावाचून अडलं नाही कोणाचं." म्हणून त्यांनी स्टूल ओढलं, नवं जरीचं उपरणं गोपालच्या हातात दिलं आणि वर चढले. खिशातल्या नाण्याने डबीचा स्क्रू फिरवला. आत रंगीबेरंगी तारांचं जंजाळ. त्यांनी बघितल्यासारखंही केलं नाही. बोट घालून नेमक्या दोन तारा बाहेर ओढल्या, दातांनी साल काढली, पिळल्या, झाकण लावलं. पोळीचा घास मोडावा इतकं सहज. खाली उतरून बटन दाबलं. शटर सरसर करत पूर्ण खाली आलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! किसनराव हात झटकत म्हणाले, "पाहा. याच्यात काय अवघड हाये? हे असं शेकडा वेळा केलं म्या."

सुवर्णाला बोलायची गरज उरली नव्हती. ती शैलजाबाईंकडे बघत होती.

शैलजाबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. शुद्ध, सावकाश बोलणं त्यांचं, वर्गात बोलल्यासारखं. "किसनराव, पुन्हा वर घ्या ते."

"बाई, उशीर होऊन राह्यला..."

"वर घ्या."

शटर वर गेलं. बाई लंगडत दारापर्यंत आल्या. "आता खाली घ्या." आणि शटर खाली येऊ लागताच त्यांनी हातातली काठी उंबऱ्यावर तिरपी रोवून धरली, त्याच जागी जिथे माणूस रांगोळी काढायला बसेल. "बाई!" म्हणून कोणी तरी ओरडलं. शटर थबकलं नाही, वळलं नाही. आलं आणि काठीवर बसलं. सागाची काठी कडकन मोडली.

बाईंनी मोडक्या काठीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या पावलाकडे. "तुम्हाला वायरिंगचं एक अक्षर कळत नाही म्हणाला होतात तुम्ही. दवाखान्यात, माझ्या खाटेशी उभे राहून."

"बाई, थे... आज मुहूर्त..."

"माझ्या घरच्या तारा कोणी जोडल्या होत्या?"

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, शेवटी सुवर्णाकडे पाहिलं. कदाचित वाटलं असेल, जुनी ओळख आहे, सांभाळून घेईल. सुवर्णा हाताची घडी घालून उभी होती. सांभाळतंय तिचं खेटर!

"कोणी, किसनराव?"

"शौनकभाऊ येऊन राह्यले होते, बाई... सारखे फोन... म्हणून म्या तात्पुरतं..."

"तात्पुरतं," बाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण ते ऐकून किसनराव स्टुलावरच खाली बसले.

शालिग्राममामांनी घसा साफ केला. "आमी होतो पुढं. तुमी या सवडीनं," असं म्हणून ते आपल्या गाडीकडे चालू लागले. त्यांचा आवाज मघाचा राहिला नव्हता. गोपालची मान खाली. पोराचा यात काय दोष, हे सुवर्णाला कळत होतं. तरी तिला बरंच वाटलं, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. इतकी वर्षं तिने जे मनात शिजवलं होतं ते आज समोर वाढलेलं होतं, आणि ते तिने पोटभर घेतलं.

पण एवढ्यावर ती थांबली नाही. सूड उगवायचा तर पुरता, अशी ती बाई. ती पुढे झाली, स्टुलावरून किसनरावांना "उठा" म्हणाली, वर चढली. पिळलेल्या तारा सोडवल्या, होत्या तशा जागच्या जागी लावल्या, डबी बंद केली. मग खाली बसून पिशवीतली चिंधी बाटलीतल्या पाण्याने भिजवली आणि दोन्ही सेन्सरवरचं कुंकू घासून पुसलं. बटन दाबलं. शटर खाली आलं, अडलं नाही. पुन्हा वर घेतलं, खाली येताना मध्ये स्वतःचा हात धरला. शटर जागच्या जागी थबकून वर गेलं.

किसनरावांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे सेन्सर..."

"सेन्सर चांगले हायेत. वहिनीनं पूजा केली काल, त्याचं कुंकू होतं काचेवर." तिने लाल झालेली चिंधी त्यांच्यासमोर धरली. "लावा, रोज लावा, पण काचेच्या बाजूले लावा. अन् ह्या तारांले पुन्हा हात लावू नोका. इथं कोणाचा पाय गेला तं नाव माह्यंच घेसान तुमी."

किसनरावांना कळलं. चिमूटभर कुंकवापायी आपण आपल्या हाताने, आपल्या दारात, व्याह्यांसमोर नागडे झालो, हे पुरतं कळलं. त्यांनी काहीतरी शिवी पुटपुटली, पण पाहुण्यांतला एकही माणूस त्यांच्या बाजूला सरकला नाही. बायको तेवढी पदर तोंडाला लावून आत गेली.

सुवर्णाने पिशवी उचलली, स्कूटीपाशी गेली. मागून पाय ओढल्याचा आवाज आला. शैलजाबाई येत होत्या, काठीशिवाय, भिंतीला धरून. किसनरावांच्या हार घातलेल्या गाडीला वळसा घालून त्या स्कूटीजवळ येऊन थांबल्या.

"मला घरी सोडशील?"

सुवर्णाने स्टँड काढला. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुवर्णा, मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं."

"हाव. घ्याले पाह्यजे होतं."

"मला माफ कर, बाळा."

कोणी दुसरी असती तर विरघळली असती, पाया पडली असती, जाऊ द्या बाई म्हणाली असती. बाईंनाही तेच अपेक्षित असावं. सुवर्णाचे डोळे भरले होते, हे खरं. पण तिच्या तोंडून जे आलं ते आलं.

"आज नाई होणार, बाई. लय वर्षं खोटी म्हणून जगले मी तुमच्या पायी. एका दिवसात नाई निघत थे."

बाईंनी मान हलवली फक्त.

"उजवा पाय आधी ठेवा फुटरेस्टवर. ठेवला? आता मले धरा. अजून घट्ट धरा, पुढं खड्डे हायेत."

आणि तिने स्कूटी अगदी हळू, खड्डे चुकवत चुकवत, बाईंच्या घराकडे घेतली.